काम केले, पण कागद कुठे आहे?

जुलै २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यातील एका तरुण गुत्तेदाराने आत्महत्या केली. जलजीवन मिशनच्या कामाचे सुमारे १ कोटी ४० लाख रुपये अडकल्याचे तेव्हा सांगण्यात आले. सरकारकडून उत्तर आले की, त्याला थेट काम दिलेलेच नव्हते, तो पोटगुत्तेदार असावा. काम झाले, पण सरकारी दप्तरात त्याचे नाव नाही!

बीड जिल्ह्यातील आपल्या कारागीर बांधवांनी यातून सावध व्हावे, असे आम्हांस वाटते. बीड, माजलगाव, गेवराई, अंबाजोगाई कुठेही पाहा. टेंडर एकाच्या नावावर निघते आणि राबतात दुसरेच. गवंडी, सेंट्रिंगवाले, फरशीवाले, वेल्डर, रंगारी यांचा सारा व्यवहार तोंडी. ‘बिल निघाले की देतो’ या शब्दावर वर्षे निघून जातात.

गुत्तेदाराशी झालेला तोंडी करारही कायद्याने करारच असतो. अडचण येते ती पुराव्याची. राज्य सरकारशी मात्र तोंडी करार होत नाही. राज्यघटनेच्या कलम २९९ प्रमाणे तो राज्यपालांच्या नावे, लेखीच लागतो. साहेबांनी तोंडी सांगितले म्हणून वाढीव काम करणारा इथेच फसतो. त्यालाही एक आधार आहे. बी. के. मंडल अँड सन्स यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली ठरवले की, फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा लाभ सरकारने घेतला, तर करार कायद्याच्या कलम ७० खाली मोबदला द्यावा लागतो. पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि सरकारवर दावा लावण्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

मुदतीचेही भान हवे. पैसे देण्याची तारीख ठरली नसेल, तर काम झाल्यापासून ३ वर्षांत दावा लावावा लागतो. नुसत्या तोंडी वायद्याने मुदत वाढत नाही. मुदतीच्या आत देणेकऱ्याने सहीनिशी बाकी कबूल केली, तर ती नव्याने सुरू होते. म्हणून दरवर्षी हिशेबावर सही घ्यावी.

पेव्हर ब्लॉक, ग्रिल, खिडक्या स्वतः बनवून पुरवणाऱ्यांनी उद्यम नोंदणी आधीच करून ठेवावी. २००६ च्या कायद्याने त्यांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदारास मात्र हे संरक्षण नाही.

कागद मागितला तर पुढचे काम जाईल, ही भीती खोटी नाही. म्हणूनच एकट्याने नव्हे, तर गावातील सर्व मिस्त्र्यांनी मिळून हा रिवाज पाडावा, असे आमचे मत आहे. फार काही लागत नाही. कामाचे ठिकाण, माप, दर, पैसे देण्याची तारीख आणि दोघांच्या सह्या एका पानावर मावतात. तेही न जमल्यास मोबाइलवर दर लिहून पाठवावा आणि आलेले उत्तर जपून ठेवावे. सरकार बिले उशिरा काढते, हा अन्यायच आहे. पण त्या उशिराचा सारा भार सर्वांत खालच्या माणसाने का सोसावा?