बेवड, मुळांवरच्या गाठी आणि मेलेले पाकीट : हिंगोलीच्या रानातील जिवाणूंचा इतिहास

१/ मृगाच्या तोंडावर हिंगोली जिल्ह्यात एक वाक्य हमखास कानी पडते : ‘जिवाणू खताने काही होत नाही, ती नुसती काळी भुकटी.’ त्याच्या अगदी उलट वाक्य समाजमाध्यमांवर फिरते : ‘जिवाणू वापरा, रासायनिक खत कायमचे बंद करा.’ दोन्ही विधाने असत्य आहेत आणि दोहोंची किंमत सोयाबीन व हळद पिकवणारा शेतकरी मोजतो. इतिहास क्रमाने पाहिला की हे उघड होते.

२/ आरंभ ‘बेवड’ या शब्दापासून. आधीच्या पिकाचा पुढील पिकावर राहणारा परिणाम म्हणजे बेवड. हरभऱ्याचा, मुगाचा बेवड चांगला, हे शेतकऱ्यास अनुभवाने ठाऊक होते. का चांगला, हे नव्हते. ‘पूर्वजांना जिवाणूशास्त्र अवगत होते’ असे सांगणारे येथेच गफलत करतात. निरीक्षण हे मोलाचे ज्ञान खरे, परंतु कारण कळल्यावाचून ते नव्या पिकास लावता येत नाही.

३/ कारण सापडले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. द्विदल पिके हवेतील नत्र मिळवतात ती मुळांवरील गाठींमुळे, हे जर्मनीतील हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी १८८६ मध्ये मांडले. १८८८ मध्ये डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी गाठींतील जिवाणू वेगळे केले. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असूनही पिकास तो थेट घेता येत नाही. रायझोबियम जिवाणू त्याचा अमोनिया करतात आणि मोबदल्यात पिकाने तयार केलेले अन्न घेतात. हा व्यवहार आहे, चमत्कार नव्हे.

४/ १८९६ मध्ये नोब्बे आणि हिल्टनर यांचे ‘नायट्राजिन’ हे जिवाणू संवर्धन विक्रीस आले. हाबर-बॉश पद्धतीने अमोनिया बनवणारा पहिला कारखाना सुरू झाला तो १९१३ मध्ये. युरियाचे पोते ‘आधुनिक’ आणि जिवाणूंचे पाकीट ‘अजून प्रयोगावस्थेत’ असे मानणाऱ्यांनी ही सनावळी ध्यानात घ्यावी.

५/ भारतात या जिवाणूंचा आरंभीचा अभ्यास एन. व्ही. जोशी यांनी १९२० मध्ये केला. पाकिटात किमान किती जिवाणू जिवंत असावेत, याची सक्ती खत नियंत्रण आदेशात आली ती मात्र २००६ मध्ये. ज्ञान आणि कायदा यांत ८६ वर्षांचे अंतर! ‘भुकटी’ ही बदनामी या अंतरात रुजली.

६/ आता सोयाबीन. १९६०च्या दशकात जबलपूर व पंतनगर येथील कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने या पिकाचा भारतात प्रसार आरंभिला. सोयाबीनच्या गाठी ज्या जिवाणूमुळे होतात तो हरभऱ्याच्या जिवाणूहून निराळा. म्हणून येथे बेवडाची पिढीजात जाण पुरत नाही. हेही खरे की ज्या रानात वर्षानुवर्षे सोयाबीन आहे तेथे हा जिवाणू रुजलेला असतो आणि बीजप्रक्रियेचा फरक कमी दिसतो. विक्रेते हे सांगत नाहीत, सांगायला हवे.

७/ हळदीचे शास्त्र वेगळे. वसमतच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण हळद द्विदल नाही, तिला रायझोबियमचा उपयोग नाही. तिला उपयुक्त ते अ‍ॅझोस्पिरिलम, स्फुरद विरघळवणारे जिवाणू आणि कंदकुजीस आवर घालणारी ट्रायकोडर्मा बुरशी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे ‘बायोमिक्स’ हे उपयुक्त बुरशी व जिवाणूंचे मिश्रण हळद उत्पादकांच्या परिचयाचे आहे. ‘कोणतेही जिवाणू, कोणत्याही पिकास’ हा प्रचार म्हणूनच घातक.

८/ मग पाकीट फसते कोठे? नियमानुसार भुकटीरूप रायझोबियमच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत पेशी हव्यात. मराठवाड्याचा मे महिना ४० अंशांच्या पुढे जातो. तापलेल्या पत्र्याखाली, युरियाच्या थप्पीशेजारी ठेवलेल्या पाकिटात काय जिवंत उरणार? सजीव माल सिमेंटसारखा साठवायचा आणि निष्फळ ठरला की दोष शास्त्राला द्यायचा, ही रीत अन्यायाची आहे. बुरशीनाशक आणि जिवाणू एकाच घमेल्यात कालवल्यानेही तेच होते. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू. नंतर बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरणी, हा क्रम आहे.

९/ दुसऱ्या टोकालाही उत्तर हवे. काळ्या चुनखडीयुक्त जमिनीत स्फुरद चुन्याशी बांधला जातो. जिवाणू आपल्या आम्लांनी त्यातील काही मोकळा करतात. ते स्फुरद किंवा पालाश नव्याने निर्माण करीत नाहीत. श्रीलंकेने एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. भाताचे उत्पादन कोसळले आणि नोव्हेंबरमध्ये निर्णय फिरवावा लागला. तयारीवाचून घेतलेली प्रतिज्ञा शेतकऱ्याच्या पोटावर येते.

१०/ ४५ किलो युरियाचे पोते अनुदानामुळे २६६ रुपये ५० पैशांना मिळते, म्हणून ते सोयाबीनवरही सढळ हाताने पडते. जमिनीत नत्र मुबलक झाले की पीक गाठींना पोसणे कमी करते. म्हणजे सरकारी तिजोरीतील पैसा फुकटच्या कारखान्यास टाळे लावण्यासाठी खर्च होतो.

११/ कसोटी सोपी आहे. पेरणीनंतर ४० ते ४५ दिवसांनी सोयाबीनचे रोप मुळासकट हलकेच उपटावे आणि गाठ कापावी. आत गुलाबी-तांबूस रंग असेल तर जिवाणू काम करीत आहेत. पांढरा किंवा हिरवट असेल तर नाहीत.

१२/ जी तपासणी शेतकरी नखाने करू शकतो, ती पाकीट विकण्यापूर्वी प्रयोगशाळेत व्हावी, थंड साठवण सक्तीची असावी आणि कालबाह्य पाकीट विकणाऱ्याचा परवाना जावा. या तीन गोष्टी होईपर्यंत ‘जिवाणू खत अयशस्वी ठरले’ असे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. अयशस्वी ठरली ती व्यवस्था.