तेलावरचा कर एका कागदाने गेला, संसदेत भांडण झालं ते ‘लीज’ या शब्दावरून

2 डिसेंबर 2024. देशात निघणाऱ्या कच्च्या तेलावरचा विंडफॉल टॅक्स केंद्र सरकारने रद्द केला. दुसऱ्याच दिवशी राज्यसभेत तेलक्षेत्र (नियमन आणि विकास) दुरुस्ती विधेयक चर्चेला आलं आणि आवाजी मतदानाने मंजूर झालं. 12 मार्च 2025 ला लोकसभेनेही त्यावर शिक्कामोर्तब केलं.

आता यातली गंमत बघा. हजारो कोटींचा कर रद्द झाला, त्यासाठी सभागृहात ना चर्चा झाली ना मतदान. अर्थ मंत्रालयाची अधिसूचना निघाली, तिची प्रत पटलावर ठेवली, विषय संपला. तास-दोन तास खडाजंगी झाली ती कशावरून? तर जुन्या कायद्यातला ‘मायनिंग लीज’ हा शब्द काढून तिथे ‘पेट्रोलियम लीज’ लिहायचं, यावरून.

वरवर पाहिलं तर हा शब्दांचा खेळ वाटतो. पण जमिनीखालच्या तेलावर कर कोण लावणार आणि सूट कोण देणार, याचं उत्तर अशाच शब्दांमध्ये दडलेलं असतं.

आधी त्या रद्द झालेल्या कराचं बघू. 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि तेलाचे भाव भडकले. जूनमध्ये भारत विकत घेतो त्या तेलाचा सरासरी भाव पिंपाला 116 डॉलरच्या आसपास होता. ओएनजीसी, ऑइल इंडिया, केर्न यांना तेल काढायला येणारा खर्च काही त्या प्रमाणात वाढला नव्हता, पण विकताना भाव मात्र जगाचा मिळत होता. हा बसल्याजागी मिळालेला नफा म्हणजे विंडफॉल. म्हणून 1 जुलै 2022 पासून सरकारने टनामागे 23,250 रुपयांचं विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्क लावलं. पिंपामागे हिशोब केला तर साधारण 40 डॉलर. पेट्रोल, डिझेल आणि विमानाच्या इंधनाच्या निर्यातीवरही कर बसला.

पुढे हा दर दर पंधरा दिवसांनी बदलत गेला. कधी शून्यावर आला, पुन्हा वर गेला, आणि सप्टेंबर 2024 मध्ये भाव उतरल्यावर शून्यावर आला तो तिथेच राहिला. डिसेंबरमध्ये रद्द झाला तो हा शून्यावर आलेला कर.

या सगळ्यात एक गोष्ट फारशी बोलली गेली नाही. उत्पादन शुल्कातला फक्त मूळ भाग राज्यांबरोबर वाटला जातो. ‘विशेष अतिरिक्त’ असं नाव आलं की पैसा पूर्ण केंद्राचा. म्हणजे आसाममधल्या किंवा राजस्थानच्या बारमेरमधल्या विहिरीतून निघालेल्या तेलावर हा कर लागला, तरी त्यातून आसामला किंवा राजस्थानला काही वाटा नव्हता. त्यांच्या हातात येते ती रॉयल्टी. तिचा दरही केंद्रच ठरवतं आणि कायद्याने तिला 20 टक्क्यांची मर्यादा आहे.

मग राज्यांनी स्वतःचा कर का लावू नये? विधेयकावरचं भांडण इथूनच सुरू झालं.

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्र आणि राज्यांचे अधिकार वाटून दिलेले आहेत. राज्य सूचीतली नोंद 50 सांगते की खनिज हक्कांवर कर लावायचा अधिकार राज्यांचा आहे, संसदेने घातलेल्या मर्यादा पाळून. केंद्र सूचीतली नोंद 53 सांगते की तेलक्षेत्रं, खनिज तेल आणि पेट्रोलियम यांचं नियमन केंद्राचं आहे.

25 जुलै 2024 ला सुप्रीम कोर्टाच्या 9 न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 8 विरुद्ध 1 असा निकाल दिला, की रॉयल्टी म्हणजे कर नव्हे आणि खनिज हक्कांवर राज्यं कर लावू शकतात. खटला कोळसा, लोखंड अशा खनिजांचा होता. पण दार किलकिलं झालं होतं. त्यानंतर 11 दिवसांनी, 5 ऑगस्टला, तेलाचं हे दुरुस्ती विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं. निकालाचा आणि विधेयकाचा थेट संबंध आहे असं सरकारने कधी म्हटलं नाही. विरोधी सदस्यांची शंका मात्र हीच होती. 1948 च्या कायद्यात तेलासाठी ‘मायनिंग लीज’ दिली जायची. मायनिंग म्हटलं की खनिज आलं, खनिज आलं की नोंद 50 चा आधार घेता येतो. ‘पेट्रोलियम लीज’ म्हटलं की गाडी सरळ नोंद 53 वर, म्हणजे केंद्राच्या अंगणात.

पेट्रोलियम मंत्री हरदीपसिंग पुरी यांचं उत्तर होतं की राज्यांचं काहीही जात नाही. लीज राज्यंच देतील, परवानग्या तीच देतील, रॉयल्टीही त्यांनाच मिळेल. तेल काढणं हे खाण खणण्यापेक्षा वेगळं काम आहे, म्हणून नाव वेगळं हवं. शिवाय गुंतवणूकदाराला खात्री हवी असते, की आज ठरलेल्या अटी उद्या बदलणार नाहीत. या युक्तिवादात दम आहे. 2011-12 मध्ये देशात 3.8 कोटी टन कच्चं तेल निघत होतं, 2023-24 मध्ये ते 2.9 कोटी टनांवर आलं, आणि गरजेच्या जवळपास 88 टक्के तेल आयात होतं. पण रॉयल्टी मिळत राहील हे उत्तर होतं रॉयल्टीबद्दल. प्रश्न कराबद्दल होता.

शब्दामुळे राज्याच्या हातून अधिकार गेल्याचं उदाहरण जुनं आहे. गुजरातने 2001 मध्ये स्वतःचा गॅस कायदा केला होता. राज्य सूचीत ‘गॅस आणि गॅस-वर्क्स’ अशी नोंद आहे, तिचा आधार घेऊन. 2004 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नैसर्गिक वायू त्या ‘गॅस’मध्ये येत नाही, तो नोंद 53 मधला, म्हणजे केंद्राचा.

पण सगळ्यात गाजला तो करसवलतीचा वाद. प्राप्तिकर कायद्याच्या कलम 80-आयबी (9) नुसार ‘मिनरल ऑइल’ काढणाऱ्या कंपनीला पहिली सात वर्षं नफ्यावर पूर्ण करमाफी होती. एप्रिल 2009 मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या रिलायन्सच्या डी-6 क्षेत्रातून वायू निघायला लागला, आणि प्रश्न उभा राहिला: वायू म्हणजे ‘मिनरल ऑइल’ का? कर विभाग म्हणत होता, नाही. मराठी शाळेतल्या भूगोलात ‘खनिज तेल व नैसर्गिक वायू’ अशी जोडी पाठ केलेल्यांना हे पटेलही. पण 1948 च्या तेलक्षेत्र कायद्यात साफ लिहिलेलं होतं की मिनरल ऑइलमध्ये नैसर्गिक वायूही येतो. एकाच सरकारचे दोन कायदे, शब्द तोच, अर्थ दोन.

त्या वर्षी अंबानी बंधूंचं याच वायूवरून भांडण चालू होतं आणि संसदेतही त्यावरून गोंधळ झाला. 6 जुलै 2009 च्या अर्थसंकल्पात प्रणब मुखर्जींनी मधला मार्ग काढला. वायूलाही करमाफी, पण निविदांच्या आठव्या फेरीतल्या क्षेत्रांना. डी-6 होतं पहिल्या फेरीतलं, म्हणजे जुन्यांचा वाद जिथल्या तिथे राहिला आणि कोर्टात गेला. प्राप्तिकरातला वाटा राज्यांनाही मिळतो, त्यामुळे अशा माफीचा भार राज्यांवरही पडतो. त्या वादात एकही राज्य पक्षकार नव्हतं.

आणि महाराष्ट्र? 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर समुद्रात तेल शोधलं. बॉम्बे हाय. देशाच्या तेलाचा मोठा हिस्सा पुढची कित्येक दशकं तिथून आला. तिथलं तेल आणि वायू पाइपलाइनने उरणला येतात. पण घटनेच्या कलम 297 नुसार समुद्राखालची संपत्ती केंद्राची आहे, त्यामुळे गुजरात-आसामला त्यांच्या जमिनीवरच्या विहिरींची रॉयल्टी मिळते तशी बॉम्बे हायची महाराष्ट्राला मिळत नाही. सवलतही केंद्राने आपल्याच खिशातून दिली: 2016 च्या धोरणात खोल समुद्रातल्या क्षेत्रांना पहिली सात वर्षं रॉयल्टी पूर्ण माफ झाली.

म्हणजे ‘मायनिंग’ की ‘पेट्रोलियम’ या भांडणाने बॉम्बे हायच्या बाबतीत महाराष्ट्राचं काही जात-येत नाही. खरी झळ बसू शकते ती आसाम, राजस्थान, गुजरातसारख्या जमिनीवर तेल असलेल्या राज्यांना. त्यातलं एखादं राज्य उद्या तेलाच्या लीजवर स्वतःचा कर लावायला गेलं, तर कंपनीचा वकील कोर्टात सर्वात आधी 2025 चा कायदा उघडून ‘पेट्रोलियम लीज’ हा शब्द दाखवेल. राज्याचा वकील जुलै 2024 चा निकाल दाखवेल.