ब्रेकची परीक्षा

घाट उतरण्यापूर्वीं आम्ही गाडी उभी असतांनाच ब्रेकचें पेडल दाबून पाहतों. तें कठीण लागावें. स्पंजासारखें मऊ लागल्यास नळ्यांत बहुधा हवा शिरलेली असते. तेल दाबानें आकसत नाहीं, हवा आकसते, आणि पायाचा जोर चाकांपर्यंत पोंचत नाहीं. दाबून धरलेलें पेडल हळूहळू खालीं गेल्यास गळती किंवा मुख्य सिलिंडराचा दोष समजावा. ब्रेकचें तेल ओलावा शोषतें. 'डॉट ३' तेलाचा उत्कलनबिंदु कोरडेपणीं किमान २०५ अंश सेल्सिअस, ओलावल्यावर किमान १४०. उतारावर ब्रेक तापले कीं त्याची वाफ होते. यास्तव तेल दोन वर्षांनीं बदलावें, हवा जाणत्या कारागिराकडून काढवावी. मागें मुलेंबाळें बसलीं असतां 'चालेल' म्हणणें आम्हांस परवडत नाहीं.