सभासदांच्या माहितीचा वाली कोण?

ज्या जिल्ह्यात, प्रवरानगर येथे, सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला, त्या अहिल्यानगरमधील सहकारी संस्था आज सभासदांचे आधार क्रमांक व बँक खाती संगणकात ठेवतात. सर्व्हरला पासवर्ड आहे, या समाधानात संचालक निश्चिंत! पण तो पासवर्डच सोर्स कोडमध्ये लिहिलेला असेल तर? टोयोटाच्या कंत्राटदाराने असाच कोड गिटहबवर उघडा टाकला. २०१७ ते २०२२, जवळजवळ पाच वर्षे कोणाच्या ध्यानात आले नाही. सुमारे २ लाख ९६ हजार ग्राहकांचे ईमेल पत्ते धोक्यात आले. शिवाय अशी ओळ पुसली, तरी कोडच्या जुन्या आवृत्त्यांत ती शाबूत राहते.

शोध घेणे दुष्कर नाही. आधारच्या १२ अंकांतील शेवटचा अंक पडताळणीचा असतो; त्यामुळे चाचणीच्या नावाखाली कोडमध्ये चिकटवलेले खरे क्रमांक चाळून काढता येतात. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेतील कुचराईला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि उत्तरदायित्व संस्थेचे आहे. काम कंत्राटदाराकडे सोपवल्याने ते टळत नाही. मग ताळेबंदातील पै-पैचा हिशेब मागणारे सभासद, आपला आधार क्रमांक कोडमधून कुठे कुठे फिरतो, हे वार्षिक सभेत केव्हा विचारणार?