भातखाचरांपासून ध्रुवीय ढगांपर्यंत

ध्रुवप्रदेशात ऐन उन्हाळ्यात, जमिनीपासून सुमारे ८३ किलोमीटर उंचीवर, वातावरणातली सर्वांत कडाक्याची थंडी पडते. पारा उणे १३० अंश सेल्सिअसच्याही खाली जातो. जळालेल्या उल्कांच्या सूक्ष्म कणांवर बर्फ साचते आणि सूर्य मावळल्यावरही निळसर रुपेरी ढग उजळत राहतात. १८८५मध्ये युरोपातल्या निरीक्षकांनी त्यांची नोंद केली.

अकराव्या अक्षांशावरच्या, कावेरीकाठच्या कुंभकोणमहून हे ढग दिसत नाहीत. त्यांच्याशी नाते मात्र आहे.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातली पाण्याने भरलेली भातखाचरे मिथेन सोडतात. जगभरच्या मिथेनमध्ये मिसळलेला हा वायू वर पोहोचून विघटित होतो, त्यातून पाण्याची वाफ तयार होते आणि या ढगांना खाद्य मिळते. म्हणून ध्रुवावरचे हे ढग बदलत्या हवामानाचे साक्षीदार ठरतात.

कुंभकोणमच्या उत्तरेला सुमारे २८० किलोमीटरवर, तिरुपतीजवळच्या गादंकीत, १०२४ अँटेनांचे रडार उच्च वातावरणाचा वेध घेते. कावेरीकाठच्या महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना तिथे न्यावे, भातशेती आणि उच्च वातावरण हे विषय एकत्र शिकवावेत, असा आमचा आग्रह आहे.