एआय ओळखेल, पण दाखवणार कोण?

बुधवार पेठेत जातो म्हटलं की लोक दात काढतात. काढोत बापडे! आमच्या इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टची निम्मी खरेदी तिथल्या तापकीर गल्लीत झाली. रिले, एलईडी, मल्टिमीटर, शिवाय एक्सेलरोमीटरचे छोटे बोर्ड. त्या चिपमध्ये सिलिकॉनचा हलणारा भाग असतो. त्याचाच भाऊबंद म्हणजे सूक्ष्म आरसा, आणि आज भांडण त्याच्यावरून आहे.

हल्ली ज्याला त्याला वाटतं, "कॅन्सर ना? एआय ओळखेल!" अरे, पण पेशींचं चित्र कोण आणून देणार? साधारण मिलिमीटरभर रुंद आरसा बारीक पट्ट्यांवर डुलतो, लेसरचा ठिपका पेशींवरून ओळीने फिरवतो आणि परतलेल्या प्रकाशातून बिंदू-बिंदू जोडत चित्र बनतं. म्हणून तर सूक्ष्मदर्शक तोंडात जाईल एवढा लहान होतो, आणि तुकडा नेमका कुठून घ्यायचा हे डॉक्टरांना ठरवायला मदत होते. आरसा मोठा केला तर तपशील वाढतो, पण वेग घटतो आणि नळीत मावत नाही. आरशाने जे टिपलंच नाही ते मॉडेल कुठून आणणार? अंदाजपंचे? ग्लोबोकॅनच्या २०२२ च्या अंदाजात भारतीय पुरुषांमध्ये ओठ-तोंडाचा कॅन्सर पहिल्या नंबरवर आहे. इथे अंदाजपंचे परवडत नाही.

मग ठरलेलं उत्तर येतं: "हार्डवेअर आपलं काम नाही, त्याला अब्जावधींची फॅब लागते."

साफ चूक! आयबीएमच्या कर्ट पीटरसनने सिलिकॉनचा असा आरसा १९८० मध्येच मांडला. स्टॅनफर्डच्या डिकेनशीट्स आणि किनो यांनी १९९६ मध्ये तसेच आरसे सूक्ष्मदर्शकात बसवून दाखवले. मोबाईलच्या प्रोसेसरसारखे मूठभर नॅनोमीटर इथे लागत नाहीत, मायक्रोमीटरवर भागतं. आयआयटी मुंबईत २००६ पासून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचं केंद्र आहे, आणि आयएनयूपी योजनेतून बाहेरच्या संशोधकांनाही ती यंत्रणा वापरता येते.

खरी मेख नमुना तयार झाल्यावर आहे. हजार आरसे सारखेच डुलले पाहिजेत, लाळ-धुळीपासून सीलबंद राहिले पाहिजेत, निर्जंतुकीकरणात टिकले पाहिजेत. म्हणजे पॅकेजिंग आणि टेस्टिंग. कंटाळवाणं काम, फोटो छापून येत नाही! केंद्राने २०२१ मध्ये सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटींची योजना मंजूर केली, त्यात मेम्सही बसतं. चर्चा मात्र 'किती नॅनोमीटर' एवढीच.

आणि टेस्टिंग तर आपली रोजची भाकरी! परदेशी यंत्रांचं टेस्टिंग इथे बसून रात्री जागून करतो, मग इथल्या आरशाचं का नाही? तुमच्यापैकी कोणी मेडिकल डिव्हाइसच्या प्रोजेक्टवर असेल, तर पुढच्या मीटिंगमध्ये एवढंच विचारा: ह्यातला कुठला पार्ट इथे बनवता येईल? फार तर हसतील. बुधवार पेठेवरही हसतातच की.