काळा रंग हा रोग नव्हे

मुलीचे लग्न जमवायची वेळ आली की घरात गोरेपणाची ट्यूब येते. आपल्या वस्त्यांमध्ये हे आजही चालते. म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो : काळासावळा रंग हा रोग नाही, ते शरीराचे संरक्षण आहे.

आपल्या शरीरात अल्फा-एमएसएच नावाचे हार्मोन असते. 13 अमिनो आम्लांची ही छोटी साखळी मेंदूत आणि त्वचेतही तयार होते. ऊन लागले की त्वचेच्या पेशी ते जास्त बनवतात. मग रंगपेशी मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करतात. हे मेलॅनिन पेशीच्या केंद्रावर छत्रीसारखे पसरते आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून आतला डीएनए सांभाळते. बांधकामावर, बाजारात दिवसभर उन्हात राबणाऱ्या आपल्या माणसांना ही छत्री फुकट मिळालेली आहे.

ती पुसायला आपण पैसे मोजतो. चिठ्ठीशिवाय घेतलेल्या काही क्रीममध्ये तीव्र स्टेरॉइड असते. चार दिवस चेहरा उजळ दिसतो, नंतर त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ आणि केस येतात. काही क्रीममध्ये पारा सापडतो, त्याने मूत्रपिंडे बिघडतात.

गोऱ्या लोकांच्या देशांत वेड उलटे आहे. अंग सावळे दिसावे म्हणून तिथे याच हार्मोनची नक्कल, मेलॅनोटॅन, चोरून टोचून घेतात. मळमळ, उलट्या होतात, तीळ काळे पडतात, नवे तीळ उगवतात. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी त्याविरुद्ध इशारे दिले आहेत. याच हार्मोनवरून बनवलेले अफामेलानोटाइड हे औषध मात्र युरोपात 2014 साली आणि अमेरिकेत 2019 साली मंजूर झाले. पण ते ऊन अजिबात सहन न होणाऱ्या एका दुर्मिळ आजारासाठी आहे. ते डॉक्टरच देतात आणि रुग्णाची त्वचा तपासत राहतात. औषध आणि हौस यांतला फरक हाच.

एका बाबतीत मात्र सावध राहावे. ऊन न लागताही अंग काळवंडू लागले, तळहाताच्या रेषा, हिरड्या, जुने व्रण काळे पडले, सोबत वजन घटले, थकवा आला, उठताना चक्कर येऊ लागली, तर ती मूत्रपिंडावरील ग्रंथी निकामी झाल्याची खूण असू शकते. क्षयरोगानेही असे होते. त्या ग्रंथी थकल्या की मेंदूखालची ग्रंथी जास्त हार्मोन सोडते आणि तेच रंगपेशींना चाळवते. अशा वेळी क्रीम नको, सरकारी दवाखाना गाठा. वेळेत निदान झाले तर जीव वाचतो.

जन्माने मिळालेल्या रंगाची लाज वाटून घेऊ नका. रंग अचानक बदलला, तरच डॉक्टरांना दाखवा. ट्यूबचे पैसे मुलीच्या दूध-अंड्यावर आणि वह्यांवर खर्च करा.